सरदारांचा डावा पाय

लहान मुलांना मेलेल्या माणसांची तोंडं दाखवणं, हे माझं काम होतं. कोणी विचारलं तर मी असंच सांगायचे. लोक आधी दचकायचे आणि मग नीट ऐकून घ्यायचे. ‘संग्रहालयात शिक्षण विभागात आहे’ असं सांगितलं, तर ‘अस्सं अस्सं’ म्हणून लगेच पावसापाण्याकडे वळायचे.

आमचं संग्रहालय कोल्हापुरातलं, खासगी. एका जुन्या सरदार घराण्यानं आपला बंगला आणि आतल्या वस्तू एका मंडळाच्या हवाली केल्या होत्या. खाली तलवारी, बंदुका, चांदीची भांडी आणि पेंढा भरलेला एक गवा. वर लांबलचक दालन, आणि त्यात घराण्यातल्या माणसांची तैलरंगातली व्यक्तिचित्रं. चित्रकलेची पदविका घेऊन मी तिथं लागले, तेव्हा शाळांच्या सहली यायच्या, गव्याभोवती गर्दी करायच्या, वरच्या दालनातून पळत जाऊन पळत यायच्या आणि खालच्या अंगणात चिवडा खाऊन निघून जायच्या. मुलांना वर थांबवायचं, हे माझ्या अंगावर आलं. त्या गव्याला मी नोकरीभर प्रतिस्पर्धी मानलं. सांगायला हरकत नाही, पुढे पुढे मी त्याला हरवत गेले.

माझी पहिली सुधारणा म्हणजे जिन्याच्या तोंडाशी सगळ्यांच्या पेन्सिली काढून घ्यायच्या. हेडमास्तरांना हे अजिबात आवडायचं नाही. “नाव, जन्म, मृत्यू लिहून घ्या रे!” असं ते ओरडत असायचे. पण हातात पेन्सिल असली की मूल खालची पाटी वाचतं, वरचं चित्र बघत नाही. मी नावं शेवटी सांगायचे. आधी विचारायचे, हा माणूस हातानं काय करतोय? कोणाकडे बघतोय? उजेड कुठून येतोय? आणि मग शेवटचं, मुलांना सगळ्यात आवडणारं: “आता तसेच उभे राहा.”

बाहेरच्या माणसाला हे खेळ वाटतील. पण कॅमेरा घरोघरी येण्याआधी चित्र काढून घ्यायचं म्हणजे दिवसच्या दिवस चित्रकारापुढे उभं राहायचं. उभ्या राहिलेल्या माणसाला आपण कसं दिसावं याची एक कल्पना असते. चित्रकाराला समोर दिसतं ते वेगळं असतं. दोघांची ओढाताण होते आणि शेवटी काहीतरी जमतं, ते व्यक्तिचित्र. मुलाला हे शब्दांत सांगून उपयोग नाही. त्याला तसं उभं केलं की पाठीला, मानेला, खांद्याला आपोआप कळतं.

दालनात शिरण्याआधी मी जगातल्या जुन्या चित्रांच्या छापील प्रती दाखवायचे. एका डच चित्रकारानं म्हातारपणी स्वतःचंच काढलेलं एक चित्र त्यात होतं. शाहूवाडीकडच्या एका शाळेतला किडकिडीत पोरगा त्याच्यासमोर बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला.

“ह्यो कुणाकडं बघतोय?” मी विचारलं.

“आमच्याकडं.” मग थांबून म्हणाला, “न्हाय. ह्येनं सोताचं चित्र काढलंय नव्हं? मग ह्यो आरशात बघतोय.” आणि एकदम एक पाऊल मागं सरकला. “बाई, म्हंजे आमी आरशाच्या जागी उभं हाय!”

हे वाक्य मी नंतर किती शिक्षकांना ऐकवलं असेल! दुसरी एक प्रत होती इजिप्तमधल्या शवपेटीवरच्या मुलीच्या चेहऱ्याची. तिच्या कानांकडे बघून मुली हटकून म्हणायच्या, “ह्या कुड्या गुजरीत, सराफाकडं मिळत्यात की!” दोन हजार वर्षांचं अंतर त्या कुड्यांवरून उडी मारून यायच्या. मला आणखी काय हवं होतं?

आता मूळ गोष्ट सांगते. नव्वदच्या दशकातली. गडमुडशिंगीच्या एका शाळेची सातवी आली होती. दालनात सर्वांत मोठं चित्र होतं घराण्यातल्या एका सरदारांचं. पूर्ण उंचीचं. भरजरी फेटा, पांढऱ्या झुपकेदार मिशा, डावा हात मखमली खुर्चीच्या पाठीवर, उजवा तलवारीच्या मुठीवर, तलवारीचं टोक खाली गालिच्यावर. बघणाऱ्याची छाती दडपावी असं ते चित्र. मी ते रोज बघत होते.

वर्गात सुजाता नावाची मुलगी होती. अंगानं बारीक, आवाज मात्र घंटेसारखा. ‘हातात काय आहे त्यावरून माणूस ओळखायचा’ असं मी सांगत होते, तर तिनं मधेच हात वर केला.

“बाई, आमच्या घरात तसबीर हाय. निळा कोट. हातात पुस्तक हाय आन् खिशाला पेन. तलवार न्हाय.”

“मग त्यावरून काय कळतं?”

“शिकून मोठा झालेला मानूस.”

तिच्या घरातली तसबीर कोणाची, हे वर्गात सगळ्यांनाच कळलं. मी म्हणाले, “बरोबर. चित्रकाराला हेच सांगायचं असतं.” आणि मग सगळ्यांना सरदारांसारखं उभं राहायला सांगितलं. बाकापाशी, भिंतीपाशी पोरं छाती काढून उभी राहिली. एकानं मिशीला पीळ भरला. हशा झाला. सुजाता हसत नव्हती. ती एकदा चित्राकडे आणि एकदा स्वतःच्या पायाकडे बघत होती.

“बाई,” ती म्हणाली, “ह्येंच्या डाव्या पायात कळ हाय.”

“कशावरनं?”

“तलवार बघा की. काठीवानी टेकलीया. तलवार कुणी भुईला टेकवतं व्हय? आन् हात बघा, खुर्ची कसली दाबून धरलीया! बोटं पांढरी पडल्यात. डावा पाय नुस्ता लावून ठेवलाय, त्याच्यावर भारच दिल्याला न्हाय.”

मी वळून चित्राकडे बघितलं. बोटांच्या पेरांवर चित्रकारानं खरंच फिकट रंग दिला होता. डाव्या पायातल्या जोड्याखाली सावली अगदी पुसट होती, टाच गालिच्याला टेकलीच नव्हती. इतकी वर्षं मी ‘रुबाब, रुबाब’ म्हणून जे दाखवत होते, तो आधार होता. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. मग पोरांनी पण वाजवल्या. आणि त्याच वेळी दाराशी कोणीतरी खाकरलं.

ते तात्यासाहेब होते. त्या सरदारांचे सख्खे नातू आणि आमच्या मंडळाचे सभासद. साठी ओलांडलेले, पांढरा शर्ट, हातात छत्री. बैठकीला आले होते आणि टाळ्या ऐकून वर डोकावले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहरा लालबुंद. मुलांसमोरून तसेच खाली गेले.

संध्याकाळी मंडळाच्या चिटणिसांनी मला बोलावलं.

“बाई, सरदारांना लंगडं केलंत म्हणे तुम्ही?”

“मी नाही केलं. चित्रात आहे.”

“कुठली पोरगी ती? कुठल्या वाड्यातली?”

प्रश्नाचा रोख मला कळला. “सातवीतली,” मी म्हणाले.

चिटणीस वाईट माणूस नव्हते, पण त्यांना तात्यासाहेबांची भीती वाटायची. मी माफीचे चार शब्द लिहून द्यावेत म्हणजे विषय संपेल, असं त्यांनी सुचवलं. मी म्हणाले, “माझी चूक कुठली ते सांगा, लगेच लिहिते.” मग माझे वर्ग बंद झाले. मला खाली तिकिटाच्या खिडकीत बसवलं. मुलं यायची, तोंडावर बोट ठेवून रांगेनं वर जायची, रांगेनं खाली यायची. हेडमास्तर खूश. गवा खूश. मी खिडकीतून बघत बसायचे. नोकरी सोडावी असं मात्र एकदाही मनात आलं नाही. मला खात्री होती, ती मुलगी बरोबर आहे आणि चित्र काही कुठं जात नाही. ज्याला शंका असेल त्यानं वर जाऊन बघावं.

आणि एक दिवस तात्यासाहेब बघायला आले. सोमवार होता, संग्रहालय बंद. मी एकटीच खाली प्रतींना पुठ्ठे चिकटवत होते. ते आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या पोरीनं काय दाखवलं ते मला दाखवा.”

आम्ही वर गेलो. मी खिडक्या उघडल्या. मुलांना म्हणते तेच म्हणाले, “तसं उभं राहून बघा.”

“मी?”

“हो. सगळ्यांना हेच सांगते.”

त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग पहारेकऱ्याची खुर्ची त्यांनी स्वतः ओढून घेतली. डावा हात तिच्या पाठीवर ठेवला, उजव्या हातानं छत्री टेकली, डावा पाय जरा मागं घेऊन टाच उचलली. चित्राकडे बघत, हळूहळू जुळवत ते उभे राहिले. सगळा भार छत्रीवर आणि खुर्चीवर आला. खुर्ची करकरली. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. ती पांढरी पडली होती. त्यांनाही ती दिसली.

खाली बसून त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

“आमच्या घरात एक गोष्ट सांगतात,” ते म्हणाले. “गोरा साहेब भेटायला आला, तरी आजोबा खुर्चीतून उठले नाहीत. बसल्या जागेवरून नमस्कार केला. साहेबाचं तोंड एवढंसं झालं. मी ही गोष्ट लग्नात, बारशात, गणपतीत, कुठं कुठं सांगितलीय. माझी नातवंडं सांगतात आता.” त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. “मी लहान होतो. आजोबांना मी कधी चालताना बघितलंच न्हाई हो, बाई. कायम बसलेले. आम्हाला वाटायचं, हाच रुबाब.”

मुलांना शिकवताना एक कळलं होतं, बघणाऱ्याला बघू द्यावं. मधे बोलू नये.

“म्हणजे ते उठले न्हाईत असं न्हाई. त्यांना उठताच येत नव्हतं.”

“असेल,” मी म्हणाले. “पण हेही बघा. चित्रासाठी त्यांना कोणी खुर्चीत बसू नका म्हटलं नसतं. बसलेल्या माणसांची किती चित्रं आहेत इथं. त्यांनीच उभं राहायचं ठरवलं असणार. ह्या एवढ्या मोठ्या चित्राला किती दिवस लागले असतील, विचार करा. रोज येऊन त्या पायावर उभं राहायचं. चित्रकारानं त्यांना खुर्ची दिली, तलवार दिली. दुखणं झाकलं. पण बोटांचा रंग मात्र दिसला तसाच ठेवला.”

तात्यासाहेबांनी छत्री उचलली. जाताना एवढंच म्हणाले, “गारगोटीला आमच्या आत्या हायत. त्यांना विचारतो.”

पुढच्याच आठवड्यात ते परत आले. तिकिटाच्या खिडकीत वाकून म्हणाले, “घोड्यावरनं पडले होते. चाळिशीच्या आत. आत्या म्हणाल्या, घरात सगळ्या बायकांना ठाऊक होतं, बाप्यांपुढं बोलायची बंदी होती. चला, गाडी आणलीय.”

“कुठं?”

“त्या पोरीच्या शाळेत.”

गडमुडशिंगीच्या शाळेत एकच गडबड उडाली. हेडसरांनी खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला आणि सुजाताला बोलावणं धाडलं. ती दारात आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माझ्याकडे बघून तिनं मान खाली घातली. माझे वर्ग बंद झाल्याचं शाळेत कळलं होतं; तिला वाटलं, आपल्यामुळं बाईंची नोकरी गेली आणि आता आपली पाळी.

“ये, बाळ. बस,” तात्यासाहेब म्हणाले.

ती हेडसरांकडे बघू लागली. हेडसर खुर्चीकडे बघू लागले. “बस की,” तात्यासाहेब पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली.

“तू बोललीस ते खरं होतं. आमच्या आजोबांचा पाय घोड्यावरनं पडून कामातनं गेला होता. आम्हाला घरात असून कळलं न्हाई. तुला कसं कळलं?”

सुजाता हेडसरांकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाली, “आमचे अण्णा असंच उभं ऱ्हात्यात.”

तिचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. गुळाच्या रव्यांची, त्या जड ढेपांची, थप्पी ढासळून एक पाय अधू झाला होता. “एस्टीची वाट बघताना खांबाला हात लावून उभं ऱ्हात्यात. कुणी वळखीचं आलं की हसत्यात. हसलं की कुणी पायाकडं बघत न्हाय, म्हणत्यात.” आणि मग एकदम घाबरून तात्यासाहेबांकडे बघत म्हणाली, “मुकादमाला सांगू नका हं. काम जाईल अण्णांचं.”

तात्यासाहेबांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

“न्हाई सांगत,” ते म्हणाले. “आमच्या आजोबांनीबी कुणाला सांगितलं नव्हतं.”

सुजाताच्या चेहऱ्यावरची भीती उतरली. तिनं समोरच्या बशीतलं बिस्कीट उचललं आणि खाल्लं.

दुसऱ्या दिवशी माझे वर्ग सुरू झाले. चिटणिसांनी जिन्यापर्यंत येऊन सांगितलं, जसं काही ते कधी बंदच नव्हते. तात्यासाहेब पुढे अधूनमधून मुलांच्या मागं येऊन बसायचे. एखाद्या पोरानं ‘रुबाबात उभे आहेत’ म्हटलं, की त्यांना राहवायचं नाही. “नीट बघ की रे!” असं ओरडायचे. मुलांना ते पाहुणे वाटायचे. मी त्यांना कधी सांगितलं नाही की हे सरदारांचे नातू आहेत. ते वारले त्या वर्षी दुसऱ्यांदा आलेल्या मुलांच्या एका तुकडीनं मला विचारलं, “ते ओरडणारे आजोबा कुठायत?”

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या चित्राखालच्या पाटीवर नाव आणि पदव्या आहेत. तिथं एक ओळ वाढवावी, ‘अधू पायावर उभे राहून काढून घेतलेलं चित्र’, असं तात्यासाहेबांना वाटत होतं. मी मसुदाही केला. पण घराण्यातल्या इतरांनी नको म्हटलं आणि तात्यासाहेबांनी भाऊबंदकी वाढवायला नको म्हणून सोडून दिलं. मी जास्त जोर लावायला हवा होता की काय, असं अजून वाटतं. पण मग वाटतं, ओळ लिहिली असती तर मुलांनी ती वाचली असती आणि पाय बघितलाच नसता.

आता शेवटचं. मधे बरीच वर्षं गेली. कोल्हापुरात चौकाचौकात फ्लेक्स लागायला लागले होते. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे, दोन मजली उंचीचे चेहरे. मी गारगोटीला एका शाळेत बोलायला चालले होते. एस्टीत बसले, तिकिटासाठी हात पुढं केला, तर कंडक्टर बाई माझ्याकडे बघून ओरडलीच.

“बाई! मी सुजाता! मुडशिंगीची!”

खाकी गणवेश, खांद्याला पिशवी, आवाज तोच. तिकीट फाडता फाडता तिनं सगळं सांगून टाकलं. लग्न झालं, मुलगी आहे, गारगोटी गाडीवर ड्युटी असते. अण्णा घरीच असतात. “काठी घेत्यात आता, उघड,” ती हसून म्हणाली.

मी म्हणाले, “तुला ते सरदारांचं चित्र आठवतं का गं?”

तिनं आठवून बघितलं. “कुठले सरदार, बाई? त्यो गवा आठवतोय. केवढा हुता! आन् तुमी पेन्सिली काढून घेतलेल्या.”

“आणि ते शाळेत आले होते, जीपमधून…”

“कोणतरी आलतं खरं. बिस्किटं हुती,” ती म्हणाली आणि पुढच्या प्रवाशाकडे वळली.

खरं सांगते, मला लागलं. ज्या गोष्टीवर मी माझी सगळी नोकरी तोलून धरली होती, ती तिच्या लक्षातही नव्हती. गव्यानं मला शेवटी हरवलं म्हणायचं!

शहराबाहेर पडायच्या आधी चौकात गाडी अडकली. समोर कोणा तरुण नेत्याचा भलामोठा फ्लेक्स होता. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात सोन्याची साखळी, हात जोडलेले. सुजाता दारात उभी राहून वर बघत होती. मग वाकून माझ्याकडे आली.

“बाई, त्या साहेबांचे हात बघा की.”

“काय झालं?”

“दुसऱ्याचे लावल्यात. नखं बघा, मातीतली हाईत. बोटं कसली जाड हाईत! ह्यो साहेब कधी शेतात गेलाय? कुठल्यातरी शेतकऱ्यानं हात जोडलेला फोटो घेतलाय आन् त्यावर ह्येचं तोंड चिकटवलंय.”

मी खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं. हात खरंच दुसऱ्याचे होते.

“कुणाचे असतील गं?” मी विचारलं.

“त्येच बघतीया रोज,” सुजाता म्हणाली. “ह्या गाडीत चढला की वळखीन.” आणि तिनं दोरी ओढून दोनदा घंटी मारली.